पाच इलेक्ट्रिक गाड्या एकदम घेऊ का?

प्रश्न: आमची लातूरला बिस्किटं, साबण आणि खाद्यतेलाची एजन्सी आहे. मालवाहतुकीला पाच डिझेलच्या छोट्या गाड्या आहेत, त्यातल्या दोन आता वारंवार गॅरेजला असतात. दोन गाड्या शहरात फिरतात, एक औशाकडे, एक रेणापूरकडे आणि एक उदगीर लाइनला. एका डीलरने पाचही गाड्या बदलून इलेक्ट्रिक घेतल्या तर चांगली सूट देतो म्हणून सांगितलंय. एका चार्जिंगला दीडशे किलोमीटर, केंद्राची सबसिडी, घसारा, जीएसटी पाच टक्के, आणि सगळं मार्चच्या आत, असं त्याचं म्हणणं. मला पटतंय. आप्पा म्हणतात, घ्यायचीच तर एक घे, आपल्या उन्हाळ्यात बॅटरी पेट घेईल. घरात रोज वाद होतोय. काय करू?
— एक वाचक, लातूर

उत्तर: आप्पांशी वाद घालू नका. ‘एक घे’ हा त्यांचा सल्ला बरोबर आहे, फक्त त्यांनी दिलेलं कारण तितकंसं बरोबर नाही. त्यांच्या कारणाकडे नंतर येतो. आधी डीलरचं बोलणं तपासून घेऊ, कारण तुम्हाला घाई त्याने लावली आहे.

केंद्राची सबसिडी मार्चला संपते असं तो म्हणतो. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ट्रकसाठी पैसे ठेवलेले आहेत, पण ते साडेतीन टनांवरच्या गाड्यांसाठी. तुम्ही बघताय त्या छोट्या चारचाकी मालगाडीला त्यात जागाच नाही. जे तुम्हाला मिळणार नाही ते मार्चला संपलं काय आणि जूनला संपलं काय. राज्याचं म्हणाल तर मे २०२५ मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्राचं ईव्ही धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत आहे आणि त्यात वाहनकराची माफी आहे. त्याखाली तुमच्या नेमक्या मॉडेलला रोख किती सवलत बसते, ती गाडीच्या किमतीतून आधीच वजा होते की नंतर खात्यात येते, हे डीलरकडून कोटेशनवरच लिहून घ्या. ‘येईल साहेब दोन महिन्यांत’ या वाक्यावर गाडी बुक करायची नाही.

घसाऱ्याचंही, म्हणजे गाडीच्या किमतीपोटी आयकरात मिळणाऱ्या वजावटीचंही, तसंच. मार्चमध्ये घेतलेली गाडी त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेली ठरते, म्हणून त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. तुमच्या सीएंना एक फोन केलात तरी हे कळेल. आणि जीएसटी: इलेक्ट्रिकवर ५ टक्के, डिझेलच्या मालगाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ ऐवजी १८ टक्के. ऐकायला फरक मोठा वाटतो. पण तुम्ही नोंदणीकृत व्यापारी आहात, मालवाहू गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट तुम्ही घेता. म्हणजे १८ भरले तरी परत मिळतात, ५ भरले तरी मिळतात. तुमच्यासारख्याने दोन गाड्यांची तुलना जीएसटी वगळूनच करायची. ज्याची नोंदणी नाही त्या भाजीवाल्याला हा फरक खिशातून जातो, तुम्हाला नाही.

आता त्या दीडशे किलोमीटरबद्दल. हा आकडा खोटा नाही, पण तो चाचणीतला आहे. टाटाची एस ईव्ही ही छोटी इलेक्ट्रिक मालगाडी मे २०२२ मध्ये आली तेव्हा २१.३ युनिटच्या बॅटरीवर कंपनीने १५४ किलोमीटर सांगितले होते. जून २०२५ मध्ये आलेल्या एस प्रोच्या इलेक्ट्रिक मॉडेलची बॅटरी १४.४ युनिटची, आणि कंपनीचा आकडा १५५. बॅटरी एक तृतीयांशाने लहान आणि किलोमीटर तेवढेच. नवी गाडी हलकी आहे, हे खरं. पण भरलेली गाडी, औसा रोडचे गतिरोधक, पन्नास ठिकाणी थांबून पुन्हा उचल घेणं आणि एप्रिलचं ऊन यांचा हिशेब त्या आकड्यात नसतो. माझा साधा ठोकताळा असा: कंपनीच्या किलोमीटरकडे बघायचंच नाही, बॅटरीचे युनिट बघायचे. एक टनाच्या आसपासची छोटी चारचाकी माल भरून चालते तेव्हा एका युनिटला पाचच्या मागेपुढे किलोमीटर धरायचे, आणि रात्री घरी येताना बॅटरीत वीस टक्के शिल्लक राहिली पाहिजे असं गृहीत धरायचं. २१ युनिटला हे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर होतात. त्याच्या वर मिळाले तर तो नफा.

या मापाने तुमच्या पाच लाइन बघा. उदगीर एका बाजूने साठ-पासष्ट किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन, आतल्या गावांसकट, दीडशेच्या घरात. ही लाइन इलेक्ट्रिकला द्यायची नाही. वाटेत चार्ज करू म्हणाल, तर त्या वेळेत ड्रायव्हर आणि सेल्समन दोघे बसून राहतील आणि दुकानदार दुपारी शटर ओढून घेईल. औसा आणि रेणापूर या दोन्ही लाइन वीस किलोमीटरच्या आसपासच्या, गावांतून फिरून साठ-सत्तर होतात. या आदर्श. शहरातल्या दोन गाड्यांचं काय? मला अंदाज आहे की त्या दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटरच फिरतात. बहुतेक लोक शहरापासून सुरुवात करतात, कारण भीती कमी वाटते. पैशाचा हिशेब मात्र उलटा सांगतो.

तो हिशेब करून दाखवतो, तुमचे आकडे तुम्ही भरा. डिझेलची छोटी गाडी मालासकट लिटरला सतरा देत असेल आणि डिझेल नव्वद धरलं, तर किलोमीटरला सव्वापाच रुपये होतात. इलेक्ट्रिकला चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला पाव युनिट. युनिट नऊ रुपयाने पडलं तर सव्वादोन रुपये. वाचले तीन. औशाची गाडी रोज सत्तर किलोमीटर, वर्षाला तीनशे दिवस, म्हणजे २१ हजार किलोमीटर फिरते. वर्षाला साठ-त्रेसष्ट हजार वाचतील, शिवाय इंजिन ऑइल, फिल्टर, क्लचप्लेट यांचा खर्च नाही. डिझेलपेक्षा गाडी दोन-अडीच लाखांनी महाग पडली तरी चार वर्षांत फिटते. शहरातली गाडी तीस किलोमीटर फिरली तर वर्षाला नऊ हजार किलोमीटर, बचत सत्तावीस हजार. तिला फिटायला आठ-नऊ वर्षं. तोवर बॅटरीची वॉरंटी संपलेली असेल. म्हणून आधी रेणापूर किंवा औसा, शहर नंतर. शहरातल्या दोन गाड्यांच्या लाइन एकत्र करून एकच गाडी दोन फेऱ्यांना चालवता आली तर गोष्ट वेगळी. तो विचार इलेक्ट्रिक नाही घेतली तरी करा.

वरच्या हिशेबात मी युनिट नऊ रुपये धरलं, आणि खरी मेख इथेच आहे. स्वतःच्या गोदामातल्या मीटरवर गाडी चार्ज केली तर त्या जोडणीचाच दर लागतो. तुमची जोडणी व्यापारी असणार. वीजबिल काढा आणि सगळे आकार, शुल्क धरून एकूण रक्कम युनिटने भागा. समजा युनिट चौदाला पडलं. मग किलोमीटरला साडेतीन रुपये झाले आणि बचत तीनवरून पावणेदोनवर आली. औशाची गाडीही मग सहा वर्षांत फिटेल. महावितरणकडे ईव्ही चार्जिंगसाठी वेगळा दर आहे, त्यासाठी वेगळं मीटर लागतं. गाडीच्या शोरूमला जाण्याआधी महावितरणच्या कार्यालयात जाऊन या आणि तीन गोष्टी विचारा: वेगळं मीटर मिळेल का, वाढीव मंजूर भाराला खर्च किती, आणि दिवसा सौर तासांत, म्हणजे संध्याकाळी पाचपर्यंत, दराची सवलत तुमच्या मीटरला लागू होते का. औशाची गाडी दोन-अडीचला परत येत असेल तर पाचच्या आत बराचसा माल, म्हणजे वीज, स्वस्तात भरून होईल.

भाराचं गणित सोपं आहे. साध्या पॉवर सॉकेटचा चार्जर तीन-सव्वातीन किलोवॅट ओढतो. २१ युनिटची बॅटरी त्यावर साडेसहा-सात तासांत भरते. एक गाडी आहे त्या जोडणीवर निभेल. पाच एकदम लावल्या तर सोळा-सतरा किलोवॅट, म्हणजे थ्री फेज, नवीन केबल, नवीन बोर्ड. गावातल्या जुन्या गोदामांची वायरिंग दोन पंखे आणि चार ट्यूबसाठी केलेली असते. भिंतीतलं पंधरा अँपिअरचं नेहमीचं सॉकेट गीझरला चालतं, कारण गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो. सलग सात तास त्यातून करंट ओढला की आतली पत्ती तापते, आणि एक दिवस प्लास्टिक वितळलेलं दिसतं. निळं इंडस्ट्रियल सॉकेट लावा, त्याला स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा) आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा) द्या.

आणि अर्थिंग. आपल्याकडे चार्जरच्या निम्म्या तक्रारी इथून येतात असं माझं निरीक्षण आहे. गाडी लावली की चार्जरवर लाल दिवा लुकलुकतो, मालक सर्व्हिस सेंटरला फोन करतो, मेकॅनिक येतो आणि सांगतो, ‘गाडीत काही नाही.’ चार्जर आधी अर्थिंग तपासतो, ते कच्चं असेल तर वीजच घेत नाही. आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळ्यात चिखल, चैत्रात हात जाईल एवढ्या भेगा. जमीन सुकली, पट्टीपासून सुटली की अर्थिंगचा खड्डा नावालाच उरतो. म्हणजे जानेवारीत उत्तम चालणारी गाडी एप्रिलमध्ये रात्रभर चार्जरला लावूनही सकाळी रिकामी सापडू शकते. नवीन खड्डा करून घ्या, इलेक्ट्रिशियनकडून मीटरने मोजून घ्या, आणि होळीनंतर आठवड्यातून दोनदा त्यात बादलीभर पाणी ओतायचं काम कुणातरी एकाच्या नावावर लावा. सगळ्यांच्या नावावर लावलं तर कुणीच ओतणार नाही.

आता वजन. याबद्दल तुमच्या पत्रात एक शब्द नाही, आणि माझ्या मते गाडी निवडताना किलोमीटरपेक्षा हे मोठं आहे. बॅटरीचं वजन गाडी स्वतःच वाहते, त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या डिझेल गाडीपेक्षा मालाची परवानगी कमी असू शकते. पहिली एस ईव्ही ६०० किलोची होती. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचं वजन डब्यासकट सोळा धरा, सदतीस डब्यांत गाडी भरली. तुमचे लोक डिझेल गाडीत किती टाकतात ते तुम्हाला माहीत आहे, इथे छापत नाही. नंतर एक टन वाहणारं मॉडेल २०२४ मध्ये आलं, महिंद्राची झिओ साडेसातशेच्या पुढे आहे, एस प्रो ७५० ची, इतरही कंपन्यांच्या सव्वा टनाच्या गाड्या आहेत. इलेक्ट्रिक मोटरला ओढ जबरदस्त असते, जास्त भरलं तरी ती सुरुवातीला कुरकुरत नाही, म्हणूनच धोका. मोटर आणि कंट्रोलर तापतात, गाडी स्वतःहून ताकद कमी करते, किलोमीटर घटतात, आणि वॉरंटीचा दावा करायला जाल तेव्हा कंपनी गाडीच्याच कॉम्प्युटरमधून नोंदी काढते.

पण बिस्किटांचं उलट आहे. बिस्किटं, कुरकुरीत पाकिटं यांनी डबा कोंबून भरतो आणि काट्यावर वजन निम्मंही येत नाही. म्हणून आधी असं करा: आठवडाभर प्रत्येक लाइनची गाडी सकाळी भरून वजनकाट्यावर न्या आणि पावती ठेवा, शिवाय मागचा डबा किती रिकामा राहिला तेही लिहा. मग कळेल कुठल्या लाइनला किलो हवेत आणि कुठल्या लाइनला घनफूट. तेलाची लाइन आणि बिस्किटाची लाइन यांना एकाच मॉडेलच्या गाड्या घ्यायच्या, कारण पाचवर सूट मिळते, हा सौदा कागदावरच स्वस्त.

गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि सोळाही भरलेले असतात. तिथे चारचाकी उभी करायला जागा नसते. त्या लाइनला पुढे-मागे इलेक्ट्रिक तीनचाकीचा विचार करा. पाच-सहाशे किलो वाहते, गल्लीत वळते, किंमत कमी, त्यामुळे तीस किलोमीटरवरही हिशेब जमू शकतो. पण तीच तीनचाकी उंच माल रचून हायवेला औशाकडे पाठवू नका. चार्जिंगचा प्लगही वेगळा असू शकतो: चारचाकीला फास्ट चार्जिंग असेल तर ते बहुधा सीसीएस-टू या, कारसाठीच्या प्लगचं असतं, आणि रस्त्यावरचा कारचा चार्जर तीनचाकीला लागेलच असं नाही.

आता आप्पांचा उन्हाळा. बॅटरी पेट घेण्याच्या ज्या बातम्या त्यांनी पाहिल्या त्या बऱ्याचशा स्कूटरच्या होत्या. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले, त्यांची दुसरी पायरी ३१ मार्च २०२३ पासून लागू आहे. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असेल तर ती उष्णतेला जास्त दाद देत नाही, छोट्या मालगाड्यांत बहुधा तीच असते. तरी कोटेशनवर प्रकार लिहून घ्या. थंड ठेवायला आत द्रव फिरतो की नुसती हवा, हेही विचारा. परभणी-नांदेडकडे पारा ४३ च्या वर जातो, लातूरही फार मागे नसतं, तेव्हा हा प्रश्न शोभेचा नाही. तुमच्या बाजूने दोनच काळज्या. भर दुपारी फिरून आलेली गाडी लगेच चार्जरला लावायची नाही, तास-अर्धा तास सावलीत निवू द्यायची. आणि ती सावली पत्र्याची नसावी. मे महिन्यात बंद पत्र्याच्या शेडमध्ये बाहेरपेक्षा जास्त ऊब असते. वर पत्रा असला तरी दोन बाजू उघड्या ठेवा.

कागदपत्रांत इलेक्ट्रिकला काही सोयी आहेत. बॅटरीवरच्या मालगाडीला परमिट लागत नाही, ही सूट २०१८ पासून आहे. नंबरप्लेट हिरवी, त्यावर पिवळी अक्षरं. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात २०२२ पासून १५ टक्के सूट आहे, एजंट विसरला तर आठवण करून द्या. फिटनेसमधून मात्र सुटका नाही. ड्रायव्हरकडे हलक्या वाहनाचं लायसन्स असलं तरी पुरे: साडेसात टनांपर्यंतची मालगाडी त्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

डीलरला विचारायचा सगळ्यात मोलाचा प्रश्न सर्व्हिसचा. ‘लातूरला वर्कशॉप आहे’ एवढ्यावर थांबू नका. बॅटरी आणि मोटर उघडायचं प्रशिक्षण घेतलेला माणूस लातूरला बसतो की सोलापूर-संभाजीनगरहून यावा लागतो? गाडी दोन दिवसांपेक्षा जास्त पडून राहिली तर बदली गाडी मिळेल का? वॉरंटी किती वर्षांची, किती किलोमीटरची, आणि बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देणार? हे टक्के कार्डावर छापलेले हवेत. आणि त्याच्याकडून त्याच गाडीच्या दोन ग्राहकांचे नंबर घ्या, वर्ष पूर्ण झालेल्यांचे. नव्या गाडीचा मालक कधीच तक्रार करत नाही.

मग ट्रायल. डीलर रिकामी गाडी बार्शी रोडवर फिरवून आणेल, तिला ट्रायल म्हणत नाहीत. तुमचा माल, तुमचा ड्रायव्हर, औशाची पूर्ण लाइन. निघताना शंभर टक्के, मग प्रत्येक गावात टक्के आणि किलोमीटर पुठ्ठ्यावर लिहायचे. तोच ड्रायव्हर पुढे गाडी चालवणार आहे, त्याला आधीपासून सोबत घ्या. लिटरमागे बक्षीस देत असाल तर आता युनिटमागे द्या. आणि ड्रायव्हर रात्री गाडी घरी नेत असेल तर ते बंद होणार हेही त्याला आधीच सांगा. नवी गाडी आल्यावर सांगाल तर तो गाडीलाच नावं ठेवेल.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मार्च जाऊ द्या. वजनाच्या पावत्या आणि महावितरणचं उत्तर हातात आल्यावर औसा लाइनला एक गाडी घ्या, गॅरेजला पडून असणाऱ्या दोनपैकी एक काढून. शक्य असेल तर एप्रिल-मे तिच्यावर जाऊ द्या, म्हणजे आप्पांचा उन्हाळाही होईल आणि अर्थिंगची परीक्षाही. बोर्ड आणि केबल मात्र आत्ताच तीन गाड्यांच्या मापाची टाका, भिंत दोनदा फोडायला नको. पावसाळ्यात पुढच्या गाडीसाठी डीलरकडे गेलात तर तुमच्या हातात स्वतःच्या लाइनचे आकडे असतील. तेव्हा सूट दोन गाड्यांवरही मागता येते आणि मिळते. रेणापूरची दुसरी, शहराचं तिसऱ्या टप्प्यात. उदगीरची डिझेल गाडी चांगली असेल तर तिची सर्व्हिसिंग वेळेवर करून घ्या, तिला अजून बरीच वर्षं धावायचं आहे.